एकवीस कळांची वही

अर्ध्या स्फाक्स शहराचं ऑलिव्हचं तेल मोंजी फुरातीच्या तोंडातून गेलं होतं. चौतीस वर्षं तो घाण्यावर तेल चाखत आला. निळ्या काचेचा छोटा पेला तळहातात धरून आधी त्याला ऊब द्यायची, झाकणी सरकवून नाक खाली न्यायचं, मग एक घोट घ्यायचा आणि दातांच्या फटींतून हवा आत ओढायची. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज व्हायचा. पेला निळा अशासाठी की तेलाचा रंग दिसू नये. डोळे लाचखाऊ असतात, असं तो म्हणे. चाखून झालं की कागदावर आकडे: फळाचा वास किती, कडू किती, तिखट किती, खवट आहे का, कुबट आहे का. जिभेला न कळलेला आकडा त्याने कधी लिहिला नाही. घाण्याचे मालक सी लस्साद, म्हणजे लस्सादसाहेब, एकदा मित्राच्या तेलासाठी गळ घालायला घरी आले. मोंजीने त्यांना कॉफी पाजली, बायको नझीहाने केलेल्या बदामाच्या वड्या आग्रहाने खाऊ घातल्या आणि आकडा होता तोच ठेवला.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात नझीहाने माहेरचं तेल वाढून विचारलं होतं, "छान आहे ना?"

"छान असं ज्याला काही कळलं नाही त्याने म्हणायचं," तो म्हणाला. "तुझ्या वडिलांनी फळं पोत्यात चार दिवस जास्त ठेवली."

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पुढे वडिलांनीच कबूल केलं, चार नाही, सहा दिवस.

हे सगळं नझीहाला आता कुणा दुसऱ्या घरातलं वाटतं.

चार वर्षांपूर्वी घाण्यांच्या हंगामात एका सकाळी मोंजीने घोट घेतला, हवा ओढली आणि पेला त्याच्या हातातून सुटला. उजव्या जबड्यातून कानापर्यंत कुणीतरी उघडी वीज ओढत नेली, असं त्याने घरी येऊन सांगितलं. दोन-तीन सेकंदांचं काम. सगळे म्हणाले दाढ. दाताच्या डॉक्टरने एक दाढ काढली, महिन्याने तिच्या शेजारची काढली. दोन्ही दाढा धडधाकट होत्या. नझीहाने त्या कापसात गुंडाळून कपाटात ठेवल्या आहेत. का ठेवल्या ते तिला सांगता येणार नाही.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर अमानीने दुखण्याला नाव दिलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. दाढेचा काही संबंध नव्हता. चेहऱ्याची नसच बिघडली होती आणि वाऱ्याची झुळूक, भाकरीचा तुकडा, 'सलाम' एवढा एक शब्दसुद्धा तिला विजेसारखा लागत होता. पुष्कळांच्या नसेवर एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते, ती ऑपरेशन करून बाजूला सारतात. मोंजीच्या फोटोत तसं काही सापडलं नाही. गोळ्यांनी पहिलं वर्ष बरं गेलं. मग गोळ्या वाढल्या. तो चालताना भिंतीचा आधार घेऊ लागला, नातवंडांची नावं विसरू लागला. गेल्या रमजानच्या एकोणिसाव्या रोज्याला घाण्याच्या पायऱ्यांवरून तो खाली कोसळला. गोळ्यांनी रक्तातलं मीठ उतरलं होतं. डॉक्टर अमानीने गोळ्या कमी केल्या आणि उरलेल्या रोज्यांना बंदी घातली. गोळ्या उतरल्या तशा कळा चढल्या.

घर हळूहळू त्या कळांच्या मापाने बेतलं गेलं. नझीहाने कडक काही करणं सोडलं. भाजलेल्या पिठात तेल आणि साखर कालवून केलेला बसीसा, गव्हाची पेज, मऊ शिजवलेला भोपळा. सगळं कोमट. तो डाव्या बाजूने गिळायचा. पंखा बंद. दाढी आठवड्यातून एकदा, तीही अर्धीच. स्फाक्समध्ये माणूस भेटला की गालाला गाल लावतात; मोंजी दुरूनच छातीवर हात ठेवायचा, आणि पाहुणे दारातून बाहेर पडताना एकमेकांना म्हणायचे, फुराती फार मोठा झाला बुवा. चार वर्षांत नझीहाने त्याच्या उजव्या गालाला हात लावला नव्हता.

सी लस्सादने त्याला कामावरून काढलं नाही. नुसत्या वासावर काय सांगता येईल ते सांग, म्हणाले. मोंजी वास घ्यायचा आणि कागदावरचे 'कडू' आणि 'तिखट' हे दोन रकाने कोरे ठेवायचा. "अरे, अंदाजाने भर की," लस्साद म्हणायचे. "चौतीस वर्षांची जीभ तुझी, तिचा अंदाजसुद्धा लोकांच्या खात्रीपेक्षा बरा." मोंजी मान हलवायचा, बोलणं परवडत नसे म्हणून. कोरे रकाने कोरेच राहत.

एक उपाय होता. गालातून सुई घालून ती कवटीच्या बुडाशी, जिथे या नसेची गाठ असते तिथपर्यंत न्यायची आणि गाठ थोडी भाजायची. कळा थांबतात. पण त्याबरोबर ओठ, गाल, हिरड्या आणि अर्धी जीभ बधिर होते. "चव थोडीफार राहील," डॉक्टर अमानी म्हणाली होती, "पण घास कुठे आहे, तेल कुठे पसरतंय, तिखट कुठे झोंबतंय, हे त्या बाजूला कळणार नाही." मोंजीने ऐकून घेतलं होतं आणि वहीच्या कोपऱ्यावर लिहून दाखवलं होतं: *अर्ध्या जिभेचा चाखणारा म्हणजे कोण?*

म्हणून यंदाच्या शाबान महिन्यात, रमजानच्या चारेक आठवडे आधी, डॉक्टर अमानीने जेव्हा नव्या औषधाची गोष्ट काढली तेव्हा नझीहाने खुर्ची पुढे ओढली. औषध अजून दुकानात नव्हतं. पाच-सहा देशांत मिळून त्याची चाचणी चालली होती आणि त्यांच्या इस्पितळालाही त्यात घेतलं होतं. जुनी गोळी सगळ्याच नसांना गुंगी आणते. ही म्हणे फक्त भलतंच ओरडणाऱ्या नसेला गप्प करते, डोकं शाबूत ठेवते, जीभही. निदान तसा अंदाज होता.

"निम्म्या लोकांना नुसती पिठाची गोळी मिळेल," डॉक्टर म्हणाली. "कुणाला कुठली, ते मलाही ठाऊक नसेल. पण बारा आठवड्यांनी चाचणी संपली की सगळ्यांना खरी देणार आहेत."

मोंजीने हळूच विचारलं, "आत यायला काय लागतं?"

तिने एक पातळ निळी वही पुढे केली. सात दिवस, दर दिवसाला एक पान. कळ आली की रेघ मारायची आणि शून्य ते दहामध्ये ती किती मोठी होती ते लिहायचं. सात दिवसांत निदान एकवीस कळा हव्यात. त्याहून कमी असलेल्यांना घेत नाहीत, कारण औषधाने फरक पडला की नाही ते कळत नाही.

"एकवीस?" नझीहा म्हणाली. "एवढ्या तर याला दोन दिवसांत येतात."

"मग झालंच. फक्त रोज जसं जगता तसंच जगा."

घरी आल्यावर नझीहाने ती वही कुराण ठेवायच्या कपाटात, पण एक फळी खाली ठेवली. आणि मग तिने ते वाक्य म्हटलं. ते तिने म्हटलं, मोंजीने नाही. पुढे ती स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगणार होती.

"तुझे गेल्या वर्षीचे अकरा रोजे राहिलेत. रमजान तोंडावर आलाय. अंगावर एवढे रोजे थकलेले असताना वर हात कसे पसरायचे, मोंजी? आधी ते फेडून टाक. थंडीचे लहान दिवस आहेत. गोळ्या तर सकाळी-रात्रीच घ्यायच्यात."

"डॉक्टरला विचारायचं?"

"ती पोर नाहीच म्हणणार. तिला कशाला पेचात टाकायचं?"

मोंजीने विचार केला. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू किंचित हसली. "वहीसुद्धा त्याच दिवसांत करतो. स्फाक्सचा माणूस, एका फेरीत दोन कामं."

असं ते झालं. दुष्टपणाने नाही, आळसानेही नाही. नीट आवरून, हात-तोंड धुऊन, स्वच्छ मनाने.

रोज्याच्या पहिल्या दिवशी तो दुपारभर अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली बसला. खाणं नाही, पिणं नाही, कॉफी नाही. रोज्यात वायफळ बोलू नये म्हणून बोलणंही नाही. नझीहा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. चार तास गेले आणि त्याचा हात एकदाही गालाकडे गेला नाही. संध्याकाळी त्याने खजूर पाण्यात कुस्करून घेतला, कोमट बसीसा गिळला. एकच कळ आली.

तिसऱ्या दिवसापासून त्याने वही सुरू केली. दोन रेघा. एक. एकही नाही. त्या एकही नसलेल्या दिवशी नझीहा न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. आनंदाने. बाहेर आली तर तो खिडकीत उभा राहून मुलीशी फोनवर बोलत होता, पूर्ण वाक्यं बोलत होता. गाबेसला पाऊस झाला का, धाकट्याचा खोकला गेला का, जावई अजून ती फुटकी स्कूटर चालवतो का. फोन ठेवून तो म्हणाला, "नझीहा, कर्ज फिटायला लागलं की माणूस हलका होतो बघ."

"कदाचित औषध लागणारच नाही," ती म्हणाली.

सात दिवसांच्या मिळून नऊ रेघा झाल्या. मोंजीने त्या दोनदा मोजल्या आणि खाली सही केली.

डॉक्टर अमानीने वही उघडली, शेवटच्या पानावर गेली, परत पहिल्या पानावर आली.

"सी मोंजी, मागच्या महिन्यात तुम्ही दिवसाला दहा म्हणाला होतात."

"होत्या."

"आणि आता आठवड्याला नऊ?"

"जेवढ्या आल्या तेवढ्या लिहिल्या."

"ते मला माहीत आहे. तुम्ही खोटं लिहिणार नाही. म्हणूनच विचारते, या आठवड्यात वेगळं काय केलंत?"

मोंजीने नझीहाकडे पाहिलं. नझीहा पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती.

"रोजे होते," तीच म्हणाली. "गेल्या वर्षीचे राहिलेले. मीच म्हटलं."

डॉक्टरने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. ती रागावली असती तर नझीहाला बरं वाटलं असतं. पण ती जपून बोलू लागली, लहान मुलाला समजावावं तसं. चावणं नाही, पिणं नाही, बोलणं नाही, म्हणजे नसेला डिवचणारं काहीच नाही. दुखणं गेलेलं नाही, त्याला दिवसभर कुणी हात लावला नाही एवढंच.

"वही बदलून देता येणार नाही का?" नझीहाने विचारलं.

"दुसरी वही एकदाच देता येते. पण मध्ये चौदा दिवस जावे लागतात. नियम आहे." तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट फिरवलं आणि ते बोट जिथे थांबलं ते तिघांनी पाहिलं. रमजानचा पहिला दिवस.

"त्या सात दिवसांत रोजा ठेवू नका, सी मोंजी. आजाऱ्याला सूट आहे, हे काय मी तुम्हाला सांगायचं?"

"सूट आहे," मोंजी म्हणाला. "ती परत फेडावी लागते."

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. नझीहाने एकदा तोंड उघडलं, तर त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नको. त्याला बोलणं परवडत नव्हतं. अकरावा रोजा आदल्या दिवशीच संपला होता आणि सकाळच्या कॉफीपासून कळा मुकाट घरी परतल्या होत्या.

रमजानच्या पहिल्या दुपारी, शहर उपाशी आणि शांत असताना, नझीहाने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि त्याच्यासमोर बसीश्याची वाटी ठेवली. तिचा स्वतःचा रोजा होता. तो भिंतीकडे तोंड करून, न बोलता, चोरी केल्यासारखा खात होता; वास शेजारी जाईल म्हणून कॉफीही नव्हती. संध्याकाळपर्यंत दोन रेघा झाल्या.

दुसऱ्या सकाळी ती त्या दोन रेघांकडे बघत बसली. बे सत्ते चौदा. आणि तिच्या लक्षात आलं की ही चूक तिनेच शिजवली आहे, चार वर्षं, रोज. कोमट, मऊ, डाव्या बाजूने. कळ येऊ नये म्हणून तिने जे जे शोधून काढलं होतं ते सगळं त्या वाटीत होतं. आता वहीला तिची ती हुशारी नको होती.

तिने अंगणातली मातीची भट्टी पेटवली. तबूनाची भाकरी तिने चार वर्षांत केली नव्हती. रवा मळला, गोळे थापले, हात ओला करून भट्टीच्या आतल्या तापल्या भिंतीवर चिकटवले आणि जरा जास्तच वेळ राहू दिले. पापुद्रा तांबूस, मग तपकिरी झाला. वास भिंतीपलीकडे गेला.

"नझीहा," पलीकडून म्हाताऱ्या मब्रूका खालाचा आवाज आला, "इफ्तारला पाच तास आहेत अजून. भूक सहन होत नाही, की घड्याळ बिघडलं?"

"पाहुणे यायचेत, खाला."

"दुपारचे? कुठल्या देशातले पाहुणे गं ते?"

 नझीहा भाकरी फडक्यात घेऊन आत आली आणि ताटात ठेवली. बोटाने वाजवली तर टकटक आवाज आला.

मोंजीने भाकरीकडे पाहिलं. "हे माझ्यासाठी?"

"हो."

"हे खरं आहे का, नझीहा? कळ ओढून आणायची आणि मोजायची?"

"लोक भाकरी खातात," ती म्हणाली. बोलताना तिची जीभ उपासाने टाळूला चिकटत होती. "चार वर्षांपूर्वी तू खायचास. कडेचा तुकडा माझ्या हातातून ओढून घ्यायचास. ते खरं होतं. हा बसीसा खोटा आहे. रोज जसं जगता तसं, म्हणाली ती. आपण जगतोय कुठे? आपण लपून बसलोय."

त्याने तुकडा मोडला, तेलात बुडवला, उजव्या दाढांच्या रिकाम्या जागेपाशी नेला आणि चावला.

त्याला कळ यायची तेव्हा तो ओरडत नसे. वर आलेला हात गालापासून चार बोटांवर थांबायचा, उजव्या डोळ्यातून आपोआप पाणी यायचं आणि तो असा निश्चल व्हायचा, जणू कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारली आहे आणि तो ती ओळखायचा प्रयत्न करतोय. नझीहा ताटाच्या पलीकडे उभी होती. तिला जवळ जाता येत नव्हतं, कारण तिच्या ओढणीचा वारासुद्धा लागला असता. कळ गेली. त्याने पेन्सिल घेतली, रेघ मारली. आठ, असं लिहिलं. दुसरा तुकडा मोडला.

त्या दुपारी सहा रेघा झाल्या.

आठवडाभर ती रोज भट्टी पेटवत राहिली. चौथ्या दिवशी त्याने अर्धी भाकरी बाजूला सारली आणि टेबलावर कपाळ टेकलं, डावं. ती भाकरी उचलायला गेली तर तो तसाच राहून म्हणाला, "राहू दे. आज तीनच झाल्यात." पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून गार पाण्याने तोंड धुतलं. सहाव्या दिवशी डोळे मिटून म्हणाला, "अजून एक तुकडा दे," आणि नझीहाने दिला. तिच्याच हातांनी दिला. 

सात दिवस, एक्केचाळीस रेघा. मोंजीने दोनदा मोजून सही केली.

आठव्या रोज्याला ते इस्पितळात गेले. डॉक्टर अमानी खोलीत शिरली, दार लावलं आणि बसायच्या आधीच बोलली.

"जागा संपल्या, सी मोंजी."

सगळ्या देशांत मिळून ठरावीक जागा होत्या. कुठे किती असं वाटून दिलेलं नव्हतं. जो आधी पाठवेल त्याचा माणूस आत. दुसरीकडच्या इस्पितळांनी भराभर माणसं पाठवली आणि दार बंद झालं.

"कधी?" नझीहाने विचारलं.

"शुक्रवारी."

"आज सोमवार आहे."

"मी तीन दिवस त्यांच्याशी भांडत होते. पत्रं लिहिली, फोन केले. म्हटलं, एका माणसासाठी... मला वाटलं ऐकतील." डॉक्टरचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला शुक्रवारीच सांगायला हवं होतं."

नझीहा मनात बोटं मोजत होती. शुक्रवार, शनिवार, रविवार. गार पाणी शुक्रवारचं. तो जास्तीचा तुकडा शनिवारचा. तीन दिवसांच्या सतरा रेघा. भट्टीतून काढलेल्या सहा भाकऱ्या.

मोंजीने वही टेबलावर ठेवली, पाठवलेला नमुना पोचवावा तशी. "ही कुणाच्या उपयोगाची आहे का?"

डॉक्टर अमानीने ती घेतली, उघडली नाही. "मी ठेवते," म्हणाली. मग म्हणाली, "आणखी एका औषधावर काम चाललंय. दीड-दोन वर्षांत त्याची चाचणी सुरू होईल, असं ऐकते. होईलच असं नाही."

"आणि सुई?"

"सुई केव्हाही करता येईल. पण नस एकदा भाजली की असल्या चाचण्यांत सहसा घेत नाहीत. बधिरपणा बहुधा कायमचा. आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं, हेही मला सांगायला हवं."

मोंजी खिडकीकडे बघत होता. बाहेर आवारात एक माणूस लेकाला खांद्यावर बसवून चालला होता आणि लेकरू दोन्ही हातांनी बापाचे गाल थोपटत होतं.

"चौतीस वर्षं मी या तोंडावर विश्वास ठेवला," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याला महागात पडलं. तो थांबला, हात चार बोटांवर थांबला, डोळ्यातून पाणी आलं, गेलं. "ईदनंतरची तारीख द्या."

सुईच्या आदल्या दिवशी तो घाण्यावर गेला. नझीहाही गेली, पहिल्यांदाच. हंगाम संपला होता, दगड धुऊन ठेवले होते, तेल टाक्यांत निवळत होतं. मोंजीने यंदाच्या पाच टाक्यांतलं तेल मागितलं. सी लस्सादने स्वतः पाच निळे पेले भरले आणि काहीतरी चेष्टा करायची म्हणून म्हणाले, "फुकटात चाखतोस, बिल पाठवीन हं घरी." कुणी हसलं नाही, तेही हसले नाहीत.

मोंजीने पहिला पेला तळहातात धरला. नझीहाने हा आवाज कधी ऐकला नव्हता, दातांतून ओढलेल्या हवेचा. पहिल्याला कळ आली. दुसऱ्याला आली. तिसऱ्याला इतकी मोठी आली की तो टेबलाची कड धरून उभा राहिला आणि लस्साद तोंड फिरवून टाक्यांकडे बघू लागले. त्याने पाचही चाखली. हंगामभर कोरे ठेवलेले रकाने भरले. कडू चार. तिखट पाच. कडू तीन. अक्षर वाकडं होतं, पण आकडे स्वच्छ होते. सी लस्सादने तो कागद घडी न घालता उचलून नेला.

सुई झाली. दहा-पंधरा मिनिटांचं काम, मध्ये जराशी गुंगी. कळा थांबल्या, एकदम, कुणी दिवा मालवावा तशा. चार दिवस मोंजी नुसता बोलत होता. मब्रूका खालाशी भिंतीवरून बोलला, जावयाशी स्कूटरवरून भांडला, दाढी केली, पूर्ण केली. रस्त्यात माणसांच्या गालाला गाल लावून आला. लोक म्हणाले, फुराती माणसांत आला.

पाचव्या दिवशी त्याने नझीहाला तबूनाची भाकरी करायला सांगितलं. "कडक कर. त्या दिवसांसारखी."

"नको रे."

"कर. माझे सात रोजे पुन्हा राहिलेत, ते उद्यापासून धरतो. आज खाऊन घेतो."

तिने केली. अंगणात डाळिंबाखाली बसून तो खाऊ लागला, उजव्या बाजूने, मोठमोठे तुकडे, मुद्दाम आवाज करत. तो तिला दाखवत होता. बघ, काही नाही. हेही बघ. नझीहा समोर बसून बघत होती आणि पहिल्यांदा तिला वाटलं की ती हसेल.

मग तिला भाकरीच्या चावलेल्या कडेवर लाल दिसलं. आधी तिला वाटलं, वरची मिरचीची चटणी. मग ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून बारीक रेघ हनुवटीकडे उतरताना दिसली. तो आपलाच गाल चावत होता. भाकरीबरोबर चावत होता आणि पुढचा तुकडा मोडत होता.

"काय बघतेस?" त्याने विचारलं.

ती उठली. फडक्याचं टोक पाण्यात बुडवलं, त्याच्याजवळ गेली आणि चार वर्षांनी त्याच्या उजव्या गालाला हात लावला. गाल उबदार होता, नुकती दाढी केलेला. ती पुसत राहिली. तो तिच्या खांद्यापलीकडे भट्टीच्या धुराकडे बघत होता, कुणी हात लावलाच नसावा तसा.

तिने त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला, कडेचा पापुद्रा मोडून टाकला, आतला मऊ भाग तेलात भिजवला आणि त्याच्या तोंडात डाव्या बाजूला घातला. तेल सी लस्सादने पाठवलेलं होतं, तिसऱ्या टाकीतलं. मोंजीने ते तोंडात धरलं. सवयीने भुवया जवळ आल्या, मान किंचित कलली. तो थांबला. बराच वेळ थांबला. नझीहा फडकं हातात धरून आकड्याची वाट बघत उभी होती.

"छान आहे," तो म्हणाला.